ससा म्हणायला गेलं आणि पोट झालं

प्रश्न: मी कोथरूडमधल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवते. चिनीच्या एचएसके परीक्षेची तिसरी पातळी झाली आहे, म्हणून जूनपासून दुसरी ते चौथीच्या २८ मुलांचा चिनीचा वर्ग माझ्याकडे आला. आठवड्याला दोन तास, प्रत्येकी ३५ मिनिटांचे. पहिल्याच आठवड्यात पिनयिनचा, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीचा, तक्ता लावला. मुलांनी तो इंग्रजी वाचावा तसा भराभर वाचला. आता दोन महिने झाले. सूर, म्हणजे चिनीत शब्दाचा अर्थ ठरवणारे आवाजाचे चढउतार, सगळ्यांचे एकसारखे येतात. बरीच मुलं शब्दावर देवनागरीत उच्चार लिहितात, मी खोडायला लावते, ती पुन्हा लिहितात. पालक विचारतात, वही कोरी का? एका वडिलांनी विचारलं, दहावीला याचे मार्क मिळणार का? आणि दुसरीतली एक मुलगी अजून एक शब्द बोललेली नाही. माझं काय चुकतंय?
— एक शिक्षिका, पुणे

उत्तर:

ताई, आधी ती देवनागरी खोडायला लावणं थांबवा. मुलं कानाला ऐकू येतं ते टिपून ठेवताहेत, आणि चिनी टिपायला त्यांच्याकडे देवनागरीइतकं चांगलं साधन दुसरं नाही. तुमच्या वर्गातली बरीचशी गडबड तक्त्यापासून सुरू झाली आहे. कशी, ते नीट पाहू, कारण एकदा ते कळलं की पुढचं सोपं आहे.

चिनीत ब, द, ग हे आवाज नाहीत. तिथल्या जोड्या श्वासाच्या आहेत: प आणि फ, त आणि थ, क आणि ख. म्हणजे आपल्या अल्पप्राण-महाप्राणाच्याच जोड्या, ज्या आपलं मूल बालवाडीच्या आधीच बोलायला लागतं. १९५८ साली चीनने पिनयिन स्वीकारली. तिच्यात यातल्या प, त, क यांना बी, डी, जी ही अक्षरं दिली आणि फ, थ, ख यांना पी, टी, के. आता आपली मुलं पी, टी, के कशी वाचतात? पेन, टेबल, किंग. आपल्या इंग्रजीत या अक्षरांना श्वास नसतोच. त्यामुळे पिनयिनमधला टी मुलं ‘ट’ म्हणून वाचतात आणि चिनी कानाला तो डी वाटतो. सशासाठीचा शब्द आणि पोटासाठीचा शब्द यांत सूर एक, शेवट एक, फरक फक्त पहिल्या आवाजाचा: ससा ‘थू’ने सुरू होतो, पोट ‘तू’ने. तक्ता वाचणारं मूल सशाचं चित्र दाखवून पोट म्हणतं, आणि फळ्यावर स्पेलिंग बरोबर असल्यामुळे चूक कुठे झाली हे त्याला सापडत नाही.

म्हणून तक्ता सध्या काढून ठेवा. टिश्यू पेपरच्या दोन सेंटिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा, दोन मुलांत एक. पट्टी वरच्या टोकाला चिमटीत धरायची आणि तोंडासमोर चार बोटांवर लटकवायची. ‘तू’ म्हटलं की ती जेमतेम हलली पाहिजे, ‘थू’ म्हटलं की उडाली पाहिजे. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने पट्टी पाहून ससा की पोट ते बोट ठेवून दाखवायचं. पाच मिनिटांत अख्ख्या वर्गाला फरक दिसतो, आणि एकदा दिसला की ऐकूही यायला लागतो. पंखा तेवढा बंद करा.

फ मात्र तपासा. हल्ली बरीच मुलं ‘फळ’ म्हणताना खालचा ओठ दातांना लावतात, फॅनमधल्यासारखा. चिनीत तोही आवाज आहे आणि दोन्ही ओठ मिटून सोडलेला फ वेगळा आहे, त्यामुळे ही सवय तिथे नडते. ‘प’साठी ओठ मिटा, तसेच मिटून श्वास जोरात सोडा, एवढं सांगितलं तरी पुरतं.

मराठीचा आणखी एक फायदा तुम्हाला सुटला असेल. आपल्याकडे दोन च आहेत, चाकातला आणि चिमणीतला. पिनयिनचा झेड म्हणजे चाकातला च, सी म्हणजे तोच च श्वासासकट. जे म्हणजे चिमणीतला च, क्यू म्हणजे छत्रीतला छ. तिसरी जोडी आहे झेडएच आणि सीएच यांची: ट म्हणताना जीभ जिथे वर वळते तिथून च म्हणायचा, एकदा श्वासाशिवाय आणि एकदा श्वासासकट. एसएच म्हणजे व्याकरणात शिकवतात तो मूर्धन्य ष, जो आपण बोलताना श करून टाकलाय. एक्स म्हणजे शिडीतला श. आर या अक्षराने मुलं फसतात. तो आपला र नाही. ष लांब धरून ठेवायला सांगा आणि मधेच घशातून आवाज सुरू करायला सांगा, मग तो आपोआप येतो. मराठीत नसलेला एक महत्त्वाचा स्वर आहे, मासा आणि पाऊस यांच्यासाठीच्या चिनी शब्दांतला: ‘ई’ म्हणत राहायचं आणि जीभ न हलवता ओठ शिट्टीसारखे गोल करायचे. पिनयिनमध्ये या दोन शब्दांत तो साध्या यू अक्षरानेच लिहितात, म्हणून मुलं ‘यू’ वाचतात. शेवटी एनजी आलं की मुलं कडक ग लावतात. ‘अंगण’ म्हणायला सुरुवात करून ग येण्याआधी थांबा, असं सांगा.

आता सुरांकडे. सगळे सूर एकसारखे होण्याचं कारण बहुतेक वेळा कोरस असतं. २८ मुलं एकत्र म्हणायला लागली की पाढ्यांची चाल लागते, प्रत्येक शब्दाचा शेवट वर जातो आणि चिनीचे चारही सूर त्या एका चालीत बुडतात. कोरस बंद करा असं आम्ही म्हणणार नाही, लाजाळू मुलांना त्याचा आडोसा लागतो. पण एका शब्दाला तीनच वेळा कोरस, मग एकेक ओळ, मग जोड्या, मग दोन-तीन मुलं एकेकटी. गाण्यांचंही तसंच. गाण्याची चाल शब्दाचा सूर पुसून टाकते. गाणी जरूर घ्या, पण गाऊन झालं की तेच शब्द बडबडगीतासारखे ठेक्यात, चाल न लावता म्हणून घ्या.

सूर समजावताना बाण आणि आलेख यांच्या आधी ‘हं’ वापरा. नीट ऐकू आलं नाही की आपण ‘हं?’ म्हणतो, तो चिनीचा दुसरा सूर, खालून वर जाणारा. कुणी वात्रटपणा करत असेल तर दटावून ‘हं!’ म्हणतो, तो चौथा, वरून खाली आपटणारा. विचारात पडून खालच्या पट्टीत ‘हंऽ’ म्हणतो, तो तिसरा. पहिला सूर उरतो: डॉक्टर घसा बघताना ‘आऽऽ करा’ म्हणतात तेव्हाचा उंच, सपाट, न हलणारा आवाज. फरक एवढाच सांगायचा की मराठीत या चढउताराने बोलणाऱ्याचा भाव कळतो आणि चिनीत शब्दच बदलतो. ‘माय्’ तिसऱ्या सुरात म्हणजे विकत घेणं, चौथ्या सुरात म्हणजे विकणं. मंडईचा खेळ मांडा, अर्धी मुलं गाळ्यावर, अर्धी पिशव्या घेऊन, आणि चुकीचा सूर लावला की गिऱ्हाईकाच्या हातातली वांगी परत गाळ्यावर. या एका खेळात मुलं जेवढे सूर घोकतात तेवढे तक्त्यावर महिनाभरात होत नाहीत.

तिसऱ्या सुराबद्दल एक आग्रह. पुस्तकांत तो खाली जाऊन वर येणारा दाखवतात, मग मुलं प्रत्येक वेळी झोका घेतात आणि वाक्य हेलकावे खातं. बोलताना तो बहुतेक वेळा नुसता खालीच राहतो. मुलांना ‘खालचा सूर’ म्हणूनच सांगा. दोन खालचे सूर शेजारी आले की पहिला चढता होतो, ‘नी हाव्’ या नमस्कारात होतो तसा. पण हा नियम प्राथमिकच्या मुलांना समजावू नका. तुमच्या तोंडून अख्खा शब्द ऐकून ती बरोबर उचलतात, नियम सांगितला की अडखळतात.

प्रश्नवाक्यात आणखी एक सापळा आहे. चिनीत वाक्याच्या शेवटी ‘मा’ लावला की प्रश्न होतो, अगदी आपल्या ‘का’सारखा. ‘नी लाय् मा’ म्हणजे ‘तू येतोस का’. हे साम्य मुलांना फार आवडतं, पण त्याबरोबर ती मराठीतला प्रश्नाचा चढता हेलही घेऊन येतात आणि आधीच्या शब्दाचा सूर बिघडतो. ‘मा’ अगदी हलका, ओझरता म्हणायला लावा. क्रियापदाची जागा मात्र वेगळी: ‘मी खातो भात’. इथे व्याकरण सांगू नका. तीन मुलं तीन कार्डं धरून उभी करा आणि त्यांना जागा बदलायला लावा.

तासाची सुरुवात हजेरीने करा. चिनी शाळेत हजेरीला मुलं ‘ताव्’ म्हणतात, म्हणजे ‘आलो’, चौथा सूर. तीन मिनिटांत प्रत्येक मूल एकदा एकटं बोलतं, आणि तुम्हाला दर तासाला २८ चौथे सूर ऐकायला मिळतात. मग सातेक मिनिटं नुसत्या आज्ञा: उठा, बसा, ऐका, पाहा, दार दाखवा. मुलांनी काही बोलायचं नाही, फक्त करायचं. नवे शब्द एका तासाला चार, फार तर पाच. दहा-बारा मिनिटं खेळ किंवा जोडीकाम, शेवटची पाच-सहा मिनिटं लेखन. दुसरीची मुलं चौथीच्या जोडीला बसवा, चौथीची तीन मुलं एका बाकावर नकोत.

अपेक्षा किती ठेवायची, याचा हिशेब कागदावर मांडा. वर्षाचे साधारण ६० तास धरा. गणपती, परीक्षा, गॅदरिंगच्या तालमी यांत २० जातात. उरलेल्या ४० पैकी दर चौथा तास फक्त उजळणीचा. म्हणजे ३० तास, प्रत्येकी चार शब्द, एकूण १२०. मुलांसाठीची वायसीटी ही परीक्षा पहिल्या पातळीला ८० शब्द आणि दुसरीला १५० शब्द मागते, त्यामुळे १२० ही काही कमी मजल नाही. त्यातली चिनी लिपीची ४० चिन्हं वाचता यावीत आणि २० ते २५ लिहिता यावीत, एवढंच ठरवा.

शब्द निवडताना आकडे आधी घ्या, कारण तिथे मुलांना फुकटात पुष्कळ मिळतं. दहापर्यंत आले की ‘दोन-दहा-एक’ म्हणजे २१, बस्स. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा आपल्याकडे केवढा वाद झाला. चिनीत आकड्यांची रचनाच तशी आहे. सोमवार ते शनिवार म्हणजे ‘आठवडा-एक’ ते ‘आठवडा-सहा’ (रविवारी मात्र आकडा नाही, तिथे सूर्याचं चिन्ह), महिने म्हणजे ‘एक-महिना’ ते ‘बारा-महिना’. एका हाताच्या बोटांवर दहापर्यंत मोजायच्या चिनी खुणाही शिकवा: अंगठा आणि करंगळी वर म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ.

त्यानंतर नाती. इंग्रजीचा अंकल इथे चालत नाही, कारण चिनी माणूसही काका, मामा वेगळे ठेवतो आणि आत्या, मावशीही. दादा आणि धाकटा भाऊ, ताई आणि धाकटी बहीण यांनाही वेगळे शब्द. आपल्या मुलांना हे समजावावंच लागत नाही. पण उच्चारांची तयारी ठेवा: आई म्हणजे ‘मामा’, धाकटा भाऊ ‘दीदी’च्या जवळ जाणारा ‘तीति’, आणि धाकटा काका ‘षूषू’. शेवटच्या शब्दाला वर्ग दोन मिनिटं हसणार. हसू द्या, रागावलात तर तो शब्द कायमचा खोडीचा होतो.

आता लेखन. वहीसाठी वेगळी शोधाशोध नको. अप्पा बळवंत चौकात गणिताची मोठ्या चौकटींची वही मिळते ती घ्या. दोन आडव्या आणि दोन उभ्या, अशा चार चौकटी मिळून लाल पेनने बाहेरची कड गडद करा. चिनी शाळेतली मुलं नेमकी अशाच, मधोमध फुली असलेल्या चौकोनात लिहितात. चौकट सेंटिमीटरभराची असेल तर दोन सेंटिमीटरचं घर मिळतं, दुसरीच्या हाताला ते बेताचं आहे. तिसरी-चौथीला त्याहून थोडं लहान चालेल.

आपल्या मुलांची रेघांच्या क्रमातली एक चूक खास मराठी आहे. देवनागरीत आपण अक्षर काढतो आणि शिरोरेषा शेवटी देतो. मुलं तीच सवय चिनीत आणतात. ‘खाली’ या अर्थाचं चिन्ह तीन रेघांचं: आधी वरची आडवी, मग तिच्यापासून खाली उतरणारी उभी, मग उजवीकडे छोटा तिरका ठिपका. आपलं मूल उभी रेघ काढतं, ठिपका देतं आणि शेवटी वरून शिरोरेषा मारतं. तसं केलं की आडवी रेघ उभीच्या टोकाला नीट बसत नाही, कधी वर तरंगते तर कधी छेदून जाते. पहिल्या दिवशीच सांगा, इथे शिरोरेषा पहिली. (उलट ‘वर’च्या चिन्हात आडवी लांब रेघ तळाला असते आणि शेवटी येते, म्हणून ही दोन चिन्हं एकाच तासाला शिकवू नका.)

दुसरी चूक तोंडाच्या चिन्हाची. दिसतो चौकोन, पण रेघा तीनच: डावी उभी, मग वरची आडवी तिथूनच वळून उजवीकडून खाली येते ती एक सलग रेघ, मग तळ. मुलं एकतर पेन्सिल न उचलता गोल फिरवतात किंवा चार काड्या जोडतात. इथे कोपऱ्यावर पेन्सिल क्षणभर थांबवून वळवायला शिकवा, कारण हेच वळण सूर्यात येतं, शेतात येतं, पुढे कितीतरी चिन्हांत येतं. मग झाड द्या: एक आडवी, एक उभी, दोन तिरक्या. दोन झाडं शेजारी म्हणजे वन, झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती, सूर्य आणि चंद्र शेजारी म्हणजे उजेड. पण सगळी चिन्हं अशी चित्रांची असतात असं मुलांच्या मनात बसू देऊ नका. बहुतेक चिन्हांत एक भाग अर्थाचा इशारा देतो आणि दुसरा उच्चाराचा, आणि मुलं चौथीत गेली की हे सांगता येतं.

गृहपाठ म्हणून एक चिन्ह पानभर कधीच देऊ नका. पाच घरं पुरेत. त्याहून जास्त दिली की मूल आधी सगळ्या घरांत आडव्या रेघा मारून घेतं, मग सगळ्या उभ्या. पान भरतं, पण चिन्ह एकदाही लिहिलं जात नाही. त्याआधी तीनदा हवेत बोटाने, रेघा मोजत. चिन्हं सरळीकृतच, म्हणजे रेघा कमी करून सोपी केलेलीच, घ्या, चीनमधली पुस्तकं आणि वायसीटी त्यांतच आहे. यूट्यूबवरचे तैवानचे व्हिडिओ पारंपरिक चिन्हांत असतात, ते या वर्षी नकोत.

पिनयिन तिसरी-चौथीला दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करा, आधी तोंडात बसलेल्या शब्दांवर. दुसरीला पुढच्या वर्षी. त्यांची इंग्रजी अक्षरं अजून पक्की होताहेत आणि कॅटमधल्या सीला दुसरा आवाज देणं त्यांच्यावर अन्याय आहे. २०१६ पासून आलेल्या चीनच्या पहिलीच्या नव्या पुस्तकातही आधी थोडी चिन्हं येतात आणि पिनयिन मागून. तिथल्या मुलांना भाषा बोलता येत असते, त्यामुळे तो क्रम जसाच्या तसा आपल्याला लागू नाही, पण पिनयिन पहिल्या दिवशीच हवी हा समज सोडायला तेवढं पुरे. तोपर्यंत देवनागरी राहू द्या. अट एकच: सुराची खूण शब्दाखाली, छोट्या बाणाने. वर दिली तर मात्रा-अनुस्वारांत हरवते.

तुमच्या स्वतःच्या उच्चारांबद्दल: प्रत्येक नव्या शब्दाचा नमुना चिनी माणसाच्या ध्वनिमुद्रणातून द्या, वीस सेकंद पुरतात, आणि मग तुम्ही बोला. आदल्या दिवशी ते चार शब्द फोनवर स्वतः बोलून मूळ मुद्रणाशेजारी ऐका. तिसऱ्या पातळीच्या शिक्षिकेला प्राथमिकच्या वर्गासाठी एवढी तयारी पुरते.

पालकांना दर महिन्याला अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या: मुलं या महिन्यात काय ऐकून समजतात, काय बोलतात, कोणती चिन्हं ओळखतात. जोडीला त्या मुलाच्या आवाजाचं अर्ध्या मिनिटाचं मुद्रण, फक्त त्याच्याच पालकांना, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. ग्रुपवर टाकलं की तुलना सुरू होते. घरी सूर दुरुस्त करू नका, नुसतं ऐका, हेही लिहा. दहावीच्या मार्कांबद्दल स्पष्ट बोला. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परदेशी भाषांमध्ये चिनीचं नाव होतं. २०२० च्या अंतिम धोरणात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन यांची नावं आहेत, चिनीचं नाही. तेव्हा मार्कांचं आश्वासन देऊ नका. हा भाषेचा वर्ग आहे, आणि नऊ वर्षांच्या मुलाला १२० शब्द, स्वच्छ सूर आणि नव्या लिपीची भीती न वाटणं, एवढं तुम्ही नक्की देऊ शकता.

ती न बोलणारी मुलगी. नव्या भाषेत काही मुलं बराच काळ नुसती ऐकतात, दोन महिने त्यात बसतात. ती आज्ञा पाळते का, हे बघा. ‘दार दाखव’ म्हटल्यावर इतरांकडे न बघता तिचं बोट दाराकडे गेलं, तर तिचं शिकणं चालू आहे. हजेरीला तिला कार्ड वर करू द्या, ‘ताव्’ म्हणायचा आग्रह नको. मंडईच्या खेळात तिला गाळ्यावर बसवा: गिऱ्हाईक बोलतं, ती सूर ऐकून वांगी द्यायची की ठेवून घ्यायची ते ठरवते. ती मराठीतही वर्गात बोलत नसेल तर मात्र तिच्या वर्गशिक्षिकेशी आणि आईशी बोला, मग तो चिनीचा प्रश्न राहत नाही. आणि ज्या दिवशी ती पहिला शब्द बोलेल, त्या दिवशी टाळ्या वाजवू नका. बाकीच्यांना देता तसं चिनीत उत्तर द्या आणि पुढच्या मुलाचं नाव घ्या.